न खोदण्याची परवानगी

कोणताही समाज किती सुधारला आहे, हे त्याच्या गटारांवरून कळतं. रोह्याच्या कंपनीतल्या माझ्या निरोप समारंभात मी हे वाक्य उच्चारलं आणि टाळ्यांसाठी थोडा थांबलो. टाळ्या आल्या नाहीत. सभागृहामागचा चेंबर तुंबला होता आणि पुढच्या रांगेतल्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता. त्या चेंबरची देखभाल एकतीस वर्षं माझ्याच खात्याकडे होती.

निवृत्तीनंतर मी पेणला परत आलो. घर वडिलांनी बांधलेलं, रामवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका बोळवजा गल्लीत. निवृत्त माणसाची सकाळ दहापर्यंत बरी जाते, पुढे काय करायचं हा प्रश्न असतो. मी पुस्तकं वाचली, कुंड्यांना गरजेपेक्षा जास्त पाणी घातलं, आणि हिवाळ्यात आणखी एक उद्योग केला. त्याच्याकडे नंतर येतो. यावंच लागणार आहे.

गल्लीत पाच घरं. पाचांचं सांडपाणी एकाच सिमेंटच्या पाइपातून रस्त्याकडच्या मोठ्या चेंबरला जातं. आमच्या वडिलांच्या पिढीने वर्गणी काढून हा पाइप टाकला, तेव्हा वर मोकळी जागा होती. पुढे तिथे शेजाऱ्यांची पत्र्याची शेड झाली आणि शेडमध्ये गणपतीचा कारखाना. पेणमध्ये याला कारखानाच म्हणतात, मग आत चार हात का राबत असेनात. शेजारी नागोठण्याकडे एका कंपनीत शिफ्टला जातो. कारखाना त्याच्या बायकोचा. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्या खाडीकडच्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. माणसाचं बोलणं त्या ओल्या मिठासारखं जोखतात: वजनात पाणी किती, ते आधी.

गेल्या वैशाखात बाहेर डांबर पाघळत होतं आणि वहिनींच्या शेडची फरशी ओली होती. खालच्या पाइपाचे सांधे सुटले होते आणि पुढे कुठेतरी अडलेलं पाणी तिथून वर झिरपत होतं. फरशीवर पाच-पाच फुटी नऊ मूर्ती होत्या. प्लास्टरच्या, रंग न दिलेल्या, आतून अजून ओलसर. अशा मूर्ती पुरत्या सुकेपर्यंत हलवत नाहीत, हलवल्या तर हात खांद्यातून सुटतात. आणि ओल्या जमिनीवर ठेवताही येत नाहीत, कारण प्लास्टर पाणी खालून वर ओढतं, चहात धरलेल्या टोस्टसारखं. मूर्तींसोबतच ओतलेल्या पाटांच्या कडा बोटाने दाबल्या की भुगा निघू लागला होता. पाऊस सुरू व्हायच्या आत हा माल सुकून, रंगून टेम्पोत चढायला हवा होता. नऊ मूर्ती म्हणजे वहिनींचं अख्खं वर्ष.

आमच्या गल्लीला सुधार समिती आहे. घरं पाच, पदं सात. दोघांकडे दोन-दोन आहेत. अध्यक्ष समोर राहतात, लेटरहेड बाळगतात, आणि पाण्याची मोटर सुरू करतानाही कुणी बघतंय ना याची खात्री करून घेतात. त्यांनी वहिनींना पत्र धाडलं. अंतर बारा पावलांचं असून रजिस्टर पोस्टाने. सारांश असा, की आपल्या कारखान्यातील प्लास्टरमुळे वाहिनी बंद पडली आहे. सबब शेडची फरशी उखडून नवा पाइप टाकण्यात येईल, तरी आपण दहा दिवसांत जागा मोकळी करावी. कामाचा शुभारंभ एका पुढाऱ्यांच्या हस्ते होणार होता. फ्लेक्स छापायला गेला होता. नवी कुदळही आणली होती आणि तिच्या दांड्याला गुलाबी सॅटिनची फीत बांधली होती. मातीचं काम मी पुष्कळ पाहिलं आहे, फीत बांधलेली कुदळ मात्र ती पहिलीच.

अध्यक्ष शेडच्या दारात उभे राहून सार्वजनिक हितावर बोलले. वहिनी एका मूर्तीच्या पोटाला पॉलिश पेपर मारत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“नऊ जण हायत आत,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगा, चालू पडा म्हणून. ते गेले का मी पन जाते.”

रोह्याला कंपनीत एकदा असाच पेच पडला होता. चालू प्लांटच्या पोटाखालून जाणारी सांडपाण्याची लाइन फुटली होती, आणि प्लांट बंद करायचा तर वरच्या साहेबांना कळवावं लागलं असतं. ते कुणालाच नको होतं. तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांत खांब गावचा एक मिस्त्री होता. त्याने जमिनीला हात न लावता जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप तयार केला. मी खातेप्रमुख म्हणून शेजारी उभा राहिलो आणि अहवालात ‘आम्ही केलं’ असं लिहिलं.

एसटीने खांबला गेलो. मिस्त्री घरीच होता, भाताच्या रोपांसाठी नुकताच राब भाजून आलेला, अंगाला धुराचा वास. पावसात भात, थंडीत वाल, आणि मधल्या दिवसांत लोकांची गटारं, असं त्याचं वेळापत्रक. आता कंत्राटदार नव्हता. कॅमेरा, कंप्रेसर आणि पिकअप गाडी त्याची स्वतःची होती. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

“खोदायचं नाय ना?”

“नाही.”

“मग लोकांना दाखवनार काय, सायेब? खड्डा नसला का काम झालं असं वाटत नाय कुनाला. कंपनीत एका सायबानं मला इचारलं व्हतं, तू नक्की केलंस काय म्हनून.”

तो साहेब मी होतो. त्याने मला ओळखलं होतं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

त्याची पद्धत सांगायला सोपी आहे. जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा, एक लांबलचक मोजा असतो. तो रेझिनमध्ये भिजवायचा आणि हवेच्या दाबाने पाइपात उलटा करत सारायचा, म्हणजे ओली बाजू जुन्या पाइपाच्या भिंतीला चिकटते. मग आत हवा कोंडून ठेवायची. काही तासांत रेझिन आवळतं, दगडासारखं घट्ट होतं, आणि मोजाच पाइप होतो. जुना पाइप फुटका राहिला तरी बिघडत नाही, त्याचं काम संपलेलं असतं. वहिनींना हे मी शेडमध्ये उभा राहून समजावू लागलो. दुसऱ्या वाक्यालाच त्या म्हणाल्या, “म्हंजे साचा बाहेरचा आनि माल आतला. कळलं.”

ही बातमी समोर पोचायला बारा पावलांचा वेळ लागला. संध्याकाळी अध्यक्ष आमच्या ओटीवर आले. समितीची परवानगी घेतली आहे का, असं त्यांनी विचारलं. कशाची, असं मी विचारलं. कामाची. मी म्हटलं, समितीच्या नियमांत खोदकामाला परवानगी लागते असं लिहिलं आहे, ते मी दोनदा वाचलं आहे. आम्ही खोदणार नाही.

“तरी परवानगी लागेल.”

“न खोदण्याची परवानगी कोण देतं?”

ते उठून चपला घालू लागले. मग म्हणाले, शुभारंभ ठरल्या दिवशी ठरल्या वेळी होईल. तो दिवस शुक्रवार होता. मिस्त्रीला मी बुधवारी आणि गुरुवारी बोलावलं होतं.

बुधवारी सकाळी पिकअप गल्लीत शिरली आणि पाचही घरांतली माणसं रस्त्याकडच्या चेंबरभोवती जमली. मिस्त्री आधी कॅमेरा घालून बघतो. लांब ताठ केबलच्या टोकाला दिवा आणि भिंग, केबलवर मीटरच्या खुणा, आणि पेटीत छोटा पडदा. अध्यक्ष पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले. कॅमेरा पुढून मागे, चढाच्या दिशेने निघाला. माझं घर गल्लीच्या मागच्या बाजूला आहे. वहिनींची शेड मधे.

पाचव्या मीटरला पांढरा गोळा आला. पाइप तीन चतुर्थांश भरलेला, वर चार बोटं वाट. अध्यक्ष उठून उभे राहिले. पत्रात काय लिहिलं होतं, ते त्यांनी सगळ्यांना पुन्हा सांगितलं.

“थांब जरा,” वहिनी मिस्त्रीला म्हणाल्या. त्या पडद्याजवळ वाकल्या. गोळ्याच्या कडेला काहीतरी रुतलं होतं, करंगळीएवढं, बाकदार.

“सोंड हाय ती.”

“बघा,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे तुमचीच.”

“आमची नाय. आमच्याकडं अशी वाकडी सोंड पहिल्या दिवशी आलेली पोरगी पन नाय काढत.”

मी घसा साफ केला. सांधे कुठे सुटले आहेत तेवढं बघितलं की झालं, पुढे जायची गरज नाही, असं मिस्त्रीला म्हणालो. मिस्त्री केबल सारत राहिला. “आलोय तर बघून घेऊ, सायेब.”

आठव्या आणि नवव्या मीटरला, शेडच्या बरोबर खाली, सांधे बोटभर उघडे होते. अकराव्या मीटरला कारखान्याच्या मोरीचा फाटा येऊन मिळत होता. त्याचं तोंड धुतल्यासारखं स्वच्छ. प्लास्टरचा थर मात्र पाइपाच्या तळाने तसाच पुढे चालला होता. अध्यक्षांनी तो थर बघितला आणि मान मागे वळवून कुठल्या घराचा फाटा पुढे आहे याचा हिशेब सुरू केला. तो पूर्ण व्हायच्या आत बोललेलं बरं, असं मला वाटलं.

“ती सोंड माझी आहे,” मी म्हणालो.

माझा हिवाळ्यातला उद्योग तो हाच. पेणमध्ये जन्मलेल्या प्रत्येकाला गणपती आपल्या हातात आहे असं वाटतं. ज्याने एकतीस वर्षं रोह्याला वाल्व आणि पंप पाहिले त्यालाही वाटतं. मी मागच्या खोलीत, साच्याशिवाय, एका पुस्तकाच्या आधारे चार गणपती केले. चौघांच्या सोंडा पडल्या, एक तर थेट बादलीत. ते चौघे पोत्यात घालून बायकोने टाकीमागे ठेवले आणि त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. तेही मला टोचलं. पण खरी चूक बादलीची. पेणच्या कारखान्यात प्लास्टरची बादली कुणी धूत नाही. उरलेलं बादलीतच आवळू देतात, मग बादली पालथी घालून ठोकतात आणि निघालेला गोळा भरावाला टाकतात. मी मात्र प्रत्येक वेळी मोरीची जाळी काढून, भरपूर पाणी सोडून, बादली लख्ख धुतली. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं हे मला ठाऊक होतं. कंपनीच्या गोदामात तशा अर्थाची पाटी मीच लिहून लावली होती. मराठीत आणि इंग्रजीत.

कॅमेरा सोळाव्या मीटरला पोचला. माझ्या फाट्यातून पांढरी जीभ बाहेर आली होती. त्याच्यापुढचा पाइप साफ.

अध्यक्षांना हा मुद्दा सोडवेना. गणपतीची सोंड गटारात सापडते ही भावनेची बाब आहे, असं ते म्हणू लागले. वहिनींनी तिथेच तोडलं. “पूजा झाली का देव. त्याच्या आदी माल. आनि तो पन रद्दी माल.” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: “भाऊजी, बादली धुतलीत?”

मी हो म्हणालो. कंपनीत माझ्या हाताखाली साठ माणसं होती. त्यांच्यापैकी कुणाला मी असं विचारलं असतं तर त्याने राजीनामा दिला असता.

पण त्यांनी काम थांबवलं नाही, आणि मलाही घरात जाऊ दिलं नाही. मिस्त्रीने फिरतं कटर घालून गोळा फोडला, पाण्याचा जोरदार फवारा मारून पाइप धुतला. निघालेले तुकडे मी घमेल्यात भरून वाहिले. ही शिक्षा कुणी सांगितली नव्हती. घमेलं माझ्या पायाशी आणून ठेवलं होतं इतकंच.

गुरुवारी मोजा. पाचही घरांत सकाळपासून नळ आणि मोरी बंद. उन्हाळ्यात रेझिन वेळेआधी आवळतं, म्हणून भिजवलेला मोजा बर्फावर ठेवावा लागतो. बर्फ मासळी बाजारातून आला, त्यामुळे त्या दिवशी नव्या तंत्रज्ञानाला बोंबलाचा वास होता. गल्लीच्या मागच्या टोकाला असलेल्या लहान चेंबरपासून रस्त्याकडच्या चेंबरपर्यंत मोजा उलगडत गेला, हवा भरली गेली, आणि मग बघण्यासारखं काही उरलं नाही. लोक पांगले. मिस्त्रीने उरलेलं रेझिन एका चहाच्या पेल्यात ओतून शेडच्या उंबऱ्यावर ठेवलं. आतलं कधी आवळलं हे बाहेरच्या पेल्यावरून कळतं. पेला वहिनींच्या समोर होता. त्या काम करता करता त्यात नख रुतवून बघायच्या, जसं प्लास्टरला बघतात.

चारच्या सुमाराला अध्यक्ष मांडववाल्याला घेऊन आले. सकाळी शुभारंभ, मांडवाचे खांब चेंबरच्या झाकणाजवळच पुरायचे होते, आणि घराघरांत पाणी बंद म्हणून लोक तक्रार करत होते. आवरा, असं त्यांनी मिस्त्रीला फर्मावलं. मिस्त्रीने रेझिनसोबत आलेल्या कागदावरची वेळ पाहिली, पेला पाहिला. वेळ भरली होती. पेलाही दगड झाला होता. तो हवा सोडायला उठला.

“नाय,” वहिनी म्हणाल्या. “आजून नाय.”

मिस्त्री थांबला.

“पेला उन्हात हाय. मोजा माझ्या फरशीखाली हाय. त्या मागल्या कोपऱ्यात माझा माल पन दोन दिस उशिरा सुकतो. खालून गारवा हाय तिथं.”

अध्यक्ष म्हणाले, हे शास्त्र रेझिनवाल्या कंपनीने कागदावर लिहून दिलं आहे, मूर्तीवाल्यांनी त्यात बोलू नये. मला त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण आदल्या दिवसापासून प्लास्टर आणि तत्सम विषयांवर माझं मत कुणी मागत नव्हतं. हवा लवकर सोडली तर मोजा आतच खचून अडकतो, हे मिस्त्रीने सकाळी सांगितलं होतं. मग तो काढायला फरशी फोडण्यावाचून इलाज नाही. वहिनींच्या नऊ मूर्ती त्या एका वाल्ववर उभ्या होत्या. मी इतकंच केलं, की कंप्रेसरशेजारी स्टूल टाकून वाल्वला पाठ लावून बसलो. आपण सरकावं, असं अध्यक्षांनी दोनदा सुचवलं. माझी कंबर धरली आहे, असं मी दोन्ही वेळा सांगितलं.

मिस्त्री मागच्या चेंबरकडे गेला. तिथे मोज्याचं टोक बाहेर लोंबत होतं, सावलीत, गार भिंतीला लागून. त्याने अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

“ताई बोलते ते खरं,” तो परत येऊन म्हणाला, आणि कंप्रेसरजवळ उकिडवा बसून त्याने तंबाखू मळायला घेतली. आम्ही आणखी दोन तास बसलो. मांडववाला चहा पिऊन निघून गेला.

सहानंतर वहिनी स्वतः मागच्या चेंबरशी वाकल्या, टोकावर कुंचल्याचा दांडा मारला, आणि आवाज ऐकला. “झालं.” मिस्त्रीने हवा सोडली. मोजा जागचा हलला नाही. मग घराघरांच्या फाट्यांची तोंडं आतून कापायचं काम उरलं, कारण मोजा आल्यावर सगळे फाटे बंद झालेले असतात. चार तोंडं कापून झाली. पाचव्याला कटर थांबलं.

“सायेबांचं भोक पाडू का नको?” मिस्त्रीने गल्लीला विचारलं.

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पुरेसा वेळ घेतला.

“पाड. पन जाळी खिळवून टाक.”

जाळी स्क्रूने बसवलेली आहे. ती काढायचा पेचकस बायकोकडे असतो.

शुक्रवारी पुढारी आले. वेळेवर आले, हे मान्य केलं पाहिजे. फ्लेक्स लागला होता, त्यावर ‘भव्य भूमिपूजन सोहळा’ असं होतं आणि अध्यक्षांचा फोटो पाइपापेक्षा जास्त व्यासाचा होता. पाइप कालच दुरुस्त झाला, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. ते व्यवहारी माणूस होते, पुढच्या गावी त्यांचा आणखी एक कार्यक्रम होता. मग मी काय करायचं, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी तोडगा काढला: शेडच्या दाराशी फरशीच्या कडेला कुदळीचा एक घाव, फोटोपुरता.

वहिनी दारात उभ्या होत्या. आत मूर्तींच्या पाटांखालची फरशी कडेकडेने कोरडी व्हायला लागली होती, पांढुरकी दिसत होती.

“फोटोपुरता पन नाय,” त्या म्हणाल्या. “तुमचा घाव एक, माझे नऊ. हादऱ्यानं तडा कुनाला जायचा ते तडा इचारून जात नाय.”

अध्यक्ष म्हणाले, ताई, मोठी माणसं आली आहेत.

“आतले पन मोठेच हायत. पाच-पाच फूट.”

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मग मागच्या घरातले एक काका आले, मग त्यांची सून, आणि मग माझी बायको, पेचकस हातात घेऊनच. घोषणा वगैरे कुणी दिली नाही. दारात पाच माणसं उभी राहिली की तीन फुटी दार बंद होतं. पुढाऱ्यांनी आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि सगळ्यात जवळच्या मोकळ्या जमिनीकडे बोट केलं. “तिथे घ्या.”

ते अध्यक्षांचं अंगण होतं.

नऊच्या नऊ मूर्ती पावसाच्या आठ दिवस आधी टेम्पोत चढल्या. वहिनींनी प्रत्येकीच्या पाटाची कड अंगठ्याने दाबून बघितली, आणि मगच पुढची उचलू दिली. टेम्पो महामार्गाला लागेपर्यंत त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी रिकामी फरशी झाडली.

पाइप कुणाला दिसत नाही. एवढ्या कामाची गल्लीत दिसणारी खूण एकच, फोटो मनासारखा येईपर्यंत अध्यक्षांच्या अंगणात पडलेला खड्डा. पावसात तिथे पाणी साचू लागलं, म्हणून त्यांनी त्यात अळू लावलं. अळू चांगलं आलं आहे.